भाव वरून खाली येतो: सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या दरामागचे गणित

ऑक्टोबरच्या अखेरीस विदर्भातल्या कोणत्याही बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगाशेजारी थोडा वेळ उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानावर येतो: "काहून भाऊ, परवा तर दोनशे रुपये जास्त होते ना?" माल तोच असतो, शेत तेच असते, हर्रास करणारा अडत्याही तोच असतो, आणि तरी दोन दिवसांत क्विंटलमागे दोनशे रुपये कमी झालेले असतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा "वरूनच पडले" एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण ते खोटे नाही. ते अपुरे आहे. 'वरून' म्हणजे नेमके कुठून, आणि तिथे पडलेला भाव आपल्या ढिगापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे उलगडून सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

सुरुवातीलाच एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. बियाणे, खत, फवारणी, निंदण, सोंगणी आणि मळणी यांचा खर्च जोडून त्यावर थोडा नफा धरला की भाव तयार होतो, असे आपण मनाशी धरून चाललेलो असतो. दुकानातल्या साबणाचा भाव बऱ्याच अंशी असाच ठरतो, कारण साबण बनवणारा आपली किंमत स्वतः छापतो. शेतमालाचे तसे नाही. यार्डात आलेला माल घेणारा व्यापारी आपण किती खर्च केला हे विचारत नाही. या मालापासून जे पदार्थ निघतील ते पुढे कितीला विकले जातील, याचा तो हिशेब करतो, त्यातून आपला खर्च आणि नफा वजा करतो, आणि जे उरते ते आपल्याला सांगतो. म्हणजे शेतमालाचा भाव खर्चावरून वर चढत जात नाही. तो शेवटच्या ग्राहकाकडून खाली उतरत येतो, आणि वाटेतल्या प्रत्येकाने आपापला वाटा काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते त्याला आपण बाजारभाव म्हणतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण गणित समजून घ्यायचे तर ते असेच मांडावे लागते.

सोयाबीनपासूनच सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब सगळ्यांत स्वच्छ आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळले, की त्यातून साधारण 18 किलो तेल आणि 80 ते 82 किलो पेंड निघते. तेल आपल्या कढईत जाते आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आता केवळ उदाहरणापुरते धरा, की कारखान्यातून निघणाऱ्या तेलाला किलोला 120 रुपये आणि पेंडीला 33 रुपये मिळत आहेत. तेलाचे झाले 2,160 रुपये, आणि 81 किलो पेंडीचे झाले 2,673 रुपये; दोन्ही मिळून 4,833 रुपये. यातून गाळपाचा खर्च, बारदाना, गाडीभाडे, बाजार फी, गुंतवलेल्या पैशाचे व्याज आणि नफा असे मिळून 500 रुपये वजा केले, तर कारखानदार या सोयाबीनला जास्तीत जास्त 4,333 रुपये देऊ शकतो. त्या दिवशी हमीभाव किती आहे किंवा आपल्याला एकरी खर्च किती आला, याला या बेरीज-वजाबाकीत कुठेही जागा नाही.

या हिशेबातली महत्त्वाची गोष्ट अशी, की सोयाबीन हे तेलबियांचे पीक म्हणवले जात असले, तरी त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा तेलाचा नसून पेंडीचा असतो. वरच्याच उदाहरणात तेल किलोमागे 10 रुपयांनी वाढले, तर सोयाबीनच्या क्विंटलमागे 180 रुपये वाढायला हवेत. पण त्याच वेळी पेंड किलोमागे केवळ 3 रुपयांनी उतरली, तर 243 रुपये कमी होतात, आणि तेल महागूनही सोयाबीन 63 रुपयांनी घसरते. हे केवळ कागदावरचे गणित नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेले. तेलाचे भाव वाढले, गृहिणींना ते दिवाळीच्या किराण्यात जाणवले, आणि आता सोयाबीन वधारणार असे गावोगावी बोलले जाऊ लागले. प्रत्यक्षात त्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना आपल्या यार्डांत सोयाबीन बहुतांश काळ चार ते साडेचार हजारांच्या दरम्यानच रेंगाळले. कारण पेंड पडलेली होती. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढले होते, आणि इथेनॉल काढल्यावर मागे उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्य बनवणाऱ्यांना सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडत होता. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचे धोरण दिल्लीत ठरते, त्याचा चोथा कोंबडीच्या घमेल्यात पडतो, आणि वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीनचा भाव त्यामुळे उतरतो. हा धागा दिसला नाही, तर भाव पडण्याचे कारण समजणे शक्यच नाही.

याच धाग्याचे दुसरे टोक देशाबाहेर आहे. जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे चार पंचमांश उत्पादन ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना या तीन देशांत होते. ब्राझील एकटा वर्षाला 15 कोटी टनांपेक्षा जास्त सोयाबीन पिकवतो. आपण सगळा भारत मिळून सव्वा कोटी टनांच्या आसपास असतो. त्यामुळे जगाच्या भावावर आपल्या पिकाचा प्रभाव फारसा नाही, पण जगाच्या भावाचा आपल्यावर पुरेपूर आहे. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते: पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनकडून. एका तेलाचा पुरवठा अडला की ग्राहक दुसऱ्या तेलाकडे वळतो, म्हणून ही सगळी तेले एकमेकांना बांधलेली असतात. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि सूर्यफूल तेल अडकले, त्या एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने काही आठवड्यांसाठी पामतेलाची निर्यात बंद केली, आणि या दोन्ही घटनांचा सोयाबीनशी थेट संबंध नसतानाही सोयातेल पेटले. अमेरिकेतले पीक आपल्याबरोबरच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते आणि ब्राझीलचे फेब्रुवारीपासून निघू लागते. दिवाळीत भाव बरा नाही म्हणून फेब्रुवारीपर्यंत माल धरून ठेवणाऱ्याने ब्राझीलच्या पावसाची बातमी वाचली पाहिजे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

आणि तरी जगाचा भाव आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. मध्ये सरकारचे दार असते, आणि ते कधी किती उघडायचे हे सरकार ठरवते. 2021 चा ऑगस्ट महिना आठवावा. सोयाबीनने अनेक यार्डांत दहा हजार रुपयांचा टप्पा गाठला होता. अर्थात तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल नव्हता. तो उन्हाळ्यापूर्वीच विकला गेला होता. कोंबडीपालकांनी पेंड परवडत नसल्याची तक्रार केली, आणि केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. एवढी पेंड देशाच्या वर्षभराच्या गरजेपुढे फार मोठी नव्हती. पण बाजार प्रत्यक्ष माल येण्याची वाट पाहत नाही; तो येणार, एवढे कळले तरी पुरते. ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी तो बाहेर काढला, ज्यांना घ्यायचे होते त्यांनी हात आखडला, आणि ऑक्टोबरमध्ये आपले नवे पीक यार्डात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. भाव चढला तेव्हा तो साठेवाल्याच्या गोदामात होता आणि उतरला तेव्हा तो शेतकऱ्याच्या ढिगावर होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्याच वर्षी 20 डिसेंबरला शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह काही शेतमालांचे वायदे थांबवले, आणि ती बंदी पुढे वेळोवेळी वाढवली गेली. वायदा म्हणजे आज ठरवलेल्या भावाने पुढच्या एखाद्या महिन्यात माल देण्या-घेण्याचा करार. सट्टेबाज वायद्यातून भाव चढवतात, असा आक्षेप जुना आहे आणि थोड्या काळापुरता तो खराही ठरू शकतो. पण जानेवारीत काय भाव निघेल याचा अंदाज ऑक्टोबरमध्ये उघडपणे दिसण्याची तीच एक जागा होती. ती बंद झाल्यावर अंदाज बांधणे बंद झाले नाही. मोठ्या कारखानदाराकडे आणि व्यापाऱ्याकडे स्वतःची माहिती असतेच, दिसेनासे झाले ते फक्त आपल्याला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता ही बंदी तोट्याची आहे, असे मला वाटते.

यार्डातल्या दोनशे रुपयांच्या फरकात काही वाटा स्थानिकही असतो, आणि तो मात्र बराचसा मोजता येतो. 12 टक्के ओलावा हे सोयाबीनचे खरेदीचे नेहमीचे प्रमाण. परतीच्या पावसात सापडलेल्या मालाचा ओलावा 18 टक्के भरला, तर शंभर किलोंत कोरडा माल 82 किलोच असतो, आणि तो 12 टक्क्यांपर्यंत वाळल्यावर वजन सुमारे 93 किलो भरते. म्हणजे सात किलोंची घट रास्त आहे. त्याहून जास्त कपात होत असेल, तर ती वाळवण्याचा खर्च, बुरशीची भीती आणि विकणाऱ्याची अडचण यांची आहे. शिवाय हर्रासात बोली लावायला सहा जण उभे आहेत की दोघेच, रविवार जोडून सुट्टी आल्याने गोदामे भरली आहेत का, गाडी मिळते आहे का, यांवरही पन्नास-शंभर रुपये इकडेतिकडे होतात. गावात येऊन खेडा खरेदी करणारा जो भाव देतो तो यार्डापेक्षा कमी असतो, त्यात गाडीभाडे, हमाली, तोलाई यांचा वाटा असतो आणि आपल्याला लगेच हातात पैसे हवे असतात, याचाही असतो.

आता कापसाकडे वळू. कापसाचा भाव म्हणजे दोन मालांच्या भावांची बेरीज आहे, हे वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवूनही आपण पुष्कळदा विसरतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला, की साधारण 34 किलो रुई (तंतू) आणि 64 किलोंच्या आसपास सरकी (बी) निघते, उरलेली घट. रुईचा भाव खंडीवर चालतो, आणि खंडी म्हणजे 355.6 किलो. रुईची खंडी 55,000 रुपये असेल तर किलोला सुमारे 155 रुपये पडतात, म्हणजे 34 किलोंचे 5,270 रुपये. सरकी 35 रुपये किलो असेल तर 64 किलोंचे 2,240 रुपये. एकूण 7,510 रुपये, आणि त्यातून जिनिंग, प्रेसिंग व वाहतुकीचा खर्च वजा. सरकी किलोमागे 5 रुपयांनी हलली की कापूस क्विंटलमागे 320 रुपयांनी हलतो. सरकीपासून तेल आणि जनावरांची ढेप होते. म्हणून ढेपेचे पोते महागले, की दूध काढणारा शेतकरी हळहळतो आणि त्याच गावातल्या कापूसवाल्याला चार पैसे जास्त मिळतात. बऱ्याच घरांत हे दोघे एकच असतात.

रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराकडे पाहून चालतो, आणि तिथे तो पौंडाला अमुक सेंट असा बोलला जातो. हा परका हिशेब आपल्या अंगणात आणणे अवघड नाही. एका खंडीत 784 पौंड असतात. पौंडाला 70 सेंट भाव असेल तर खंडीचे सुमारे 549 डॉलर झाले, आणि डॉलर 85 रुपयांना असेल तर सुमारे 46,600 रुपये. यातून एक गोष्ट लगेच दिसते: न्यूयॉर्कमध्ये भाव तसूभरही हलला नाही, पण रुपया डॉलरमागे एका रुपयाने घसरला, तर खंडीमागे साधारण 549 रुपये वाढतात, आणि आपल्या कापसाच्या क्विंटलवर त्याचे सुमारे 50 रुपये येतात. रुपया घसरल्याची बातमी आपल्याला डिझेल आणि खताच्या महागाईमुळे वाईटच वाटते, पण कापसाच्या भावाला ती थोडा टेकू देते.

दुसरी गोष्ट आयात शुल्काची. 2021 च्या अर्थसंकल्पापासून बाहेरून येणाऱ्या कापसावर 11 टक्के शुल्क होते. वरच्याच उदाहरणातल्या 46,600 रुपयांच्या खंडीवर हे शुल्क सुमारे 5,130 रुपये होते, म्हणजे परदेशी रुई आपल्या गिरणीत पोहोचताना तेवढ्याने महाग पडते. कापसाच्या क्विंटलमागे हा आडोसा जवळपास 490 रुपयांचा झाला. शुल्क काढले की 490 रुपये लगेच कमी होतातच असे नाही, कारण परदेशी रुईची प्रत, वाहतूक आणि पोहोचण्याचा काळ यांचाही हिशेब असतो. पण भाव चढण्याचे छत मात्र तेवढ्याने खाली येते. एप्रिल 2022 मध्ये सरकारने हे शुल्क तात्पुरते काढले, तेव्हा कापूस दहा हजारांच्या वर गेलेला होता आणि सूतगिरण्या अडचणीत होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये ते पुन्हा काढले गेले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपल्याकडे सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरात येतो त्या काळासाठी. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले होते, आणि कापडाचे कारखाने निर्यात बुडण्याच्या भीतीत होते, हेही खरे. गिरणी वाचली नाही तर कापूस घेणार कोण, हा प्रश्न खोटा नाही. पण हंगामाच्या तोंडावर छत खाली आणण्याचे ओझे एकट्या उत्पादकाने उचलावे, हे मला पटत नाही.

परक्या मुलखातल्या घडामोडींनी आपला कापूस हलण्याची ही रीत नवी नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. त्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला, आणि हिंगणघाट, खामगाव, अमरावती इथल्या कापसाला पूर्वी कोणी ऐकला नव्हता असा भाव आला. जमिनी कापसाखाली गेल्या, 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, आणि 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पण युद्ध 1865 मध्येच संपले होते, अमेरिकेचा कापूस परत वाहू लागला होता, आणि भाव कोसळला होता. भाव गेला, कापूस मात्र राहिला. वऱ्हाडातल्या कितीतरी शेतांत कापूस का आहे, याचे एक उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या चार वर्षांत आहे.

तुरीचे गणित थोडे निराळे आहे, आणि ते समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात डोकावावे लागेल. डाळ स्वस्त झाली म्हणून कोणी दुप्पट वरण खात नाही, आणि महाग झाली तरी घरातले वरण एकदम बंद होत नाही. ज्या वस्तूची गरज अशी ठरलेली असते, तिच्या पुरवठ्यात थोडी घट झाली तरी भाव भलताच चढतो, आणि थोडी वाढ झाली तरी भलताच पडतो. कारण ती जास्तीची डाळ खपवायला ग्राहकच नसतो. देशात 2013-14 मध्ये सुमारे 32 लाख टन तूर झाली होती. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि उत्पादन 28 लाख टनांवर आले. 2015 चा पाऊसही तुटीचा गेला. घट आठव्या हिश्श्याची होती, पण 2015 च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. तो भाव पाहून 2016 च्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, सरकारनेही आवाहन केले, पाऊसही साथीला आला, आणि उत्पादन 48 लाख टनांच्या वर गेले. त्या हंगामात हमीभाव बोनससह 5,050 रुपये होता, आणि यार्डात तूर त्याच्या खाली विकली जात होती. खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, आणि माणसे पोत्यांवर रात्री काढत होती.

यात चूक कोणाची, असे विचारले जाते. शेतकऱ्याने आदल्या वर्षीचा भाव पाहून पेरले, यात अडाणीपणा नव्हता, कारण त्याच्यापुढे दुसरी खूणच नव्हती. पण आदल्या वर्षीचा भाव आदल्या वर्षीच्या टंचाईचा असतो, आणि तो पाहून लाखो लोक एकच निर्णय स्वतंत्रपणे घेतात, तेव्हा त्या निर्णयानेच भाव पडतो. तूर हाती यायला सहा महिने ते आठ महिने लागतात. पेरताना दिसणारा भाव आणि विकताना मिळणारा भाव यांच्यामध्ये एक पूर्ण हंगाम आडवा असतो. या चढ-उतारावर सरकार आयातीने पाणी ओतते. म्यानमार, मोझांबिक आणि मलावी या देशांशी भारताने तूर घेण्याचे करार केले, तुरीच्या आयातीवरचे शुल्क काढून ठेवले, आणि डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा बिनशुल्क येऊ दिला. वाटाणा तूर नव्हे, पण हॉटेलच्या आणि बेसनाच्या भट्टीत स्वस्त डाळ शिरली की हरभऱ्याचा भाव दबतो आणि त्याच्याबरोबर तुरीचाही. 2024 च्या मध्यात दहा हजारांच्या वर असलेली तूर 2025 च्या सुरुवातीला नवा माल येताना साडेसात हजारांच्या हमीभावाला टेकली आणि काही ठिकाणी त्याखाली गेली.

संत्र्याला तर साठवण्याची सोयही नाही. वरूड, मोर्शी, काटोल भागातला आंबिया बहार झाडावर पिकला की तोडावाच लागतो, आणि तोडला की आठवड्याभरात खपावाच लागतो. अशा मालाचा भाव त्या आठवड्याची आवक आणि गिऱ्हाईक यांवर ठरतो. नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश होता; 2019 मध्ये किलोमागे 20 टाका असलेले तिथले शुल्क वर्षागणिक वाढत 2023 पर्यंत 88 टाकांवर गेले, आणि तिकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात परत लोटला गेला. भंडारा-गोंदियाच्या धानाचेही असेच झाले. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली गेली आणि त्यानंतरच्या महिन्यात उकड्या तांदळावर 20 टक्के निर्यात शुल्क लागले, तेव्हा जगात तांदूळ महाग झाला. आपल्या धानाला त्या महागाईचा लाभ मिळाला नाही, कारण तो तिथपर्यंत पोहोचूच शकत नव्हता.

आता हमीभावाविषयी, कारण सगळी चर्चा शेवटी तिथे येते. हमीभाव कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार जाहीर करते. 2025-26 साठी तो सोयाबीनला 5,328, तुरीला 8,000 आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये होता. हा आकडा खर्चावर आधारलेला असतो. आधी पाहिलेला बाजाराचा हिशेब मात्र शेवटच्या ग्राहकावर आधारलेला असतो. या दोन हिशेबांना एकमेकांशी जोडणारी गोष्ट फक्त एकच आहे, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष खरेदी. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) किंवा नाफेड (सरकारसाठी डाळी-तेलबिया घेणारी सहकारी संस्था) पुरेशी केंद्रे उघडून, वेळेवर, पुरेसा माल उचलते, तेव्हा व्यापाऱ्यालाही त्या भावाच्या जवळ यावे लागते. कापसात हे काही हंगामांत झालेले आहे. केंद्र उशिरा उघडले, नोंदणी अडली, किंवा ओलाव्याच्या अटीत माल बसला नाही, तर जाहीर झालेला आकडा आपल्या ढिगापर्यंत येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर नेली, तेव्हा सोंगणी होऊन महिना उलटला होता, आणि ज्यांना दिवाळीला पैसे हवे होते त्यांचा माल आधीच गेला होता.

भावाचे शेवटचे कारण त्यामुळे काळाचे आहे. पीक सगळ्यांचे एकाच वेळी निघते, आणि बँकेचा हप्ता, कृषी केंद्राची उधारी, मुलांची फी, दिवाळी हेही सगळ्यांचे त्याच वेळी येते. दोन महिन्यांत वर्षभराचा माल यार्डात येतो आणि गाळप करणारा तो वर्षभर पुरवून वापरतो. मधल्या काळाची साठवण, व्याज आणि जोखीम जो उचलतो, त्याला त्याचा मोबदला मिळतो, आणि तो आज बहुधा व्यापारी असतो. शेतकऱ्याने ही जागा थोडी तरी घ्यावी म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर किंवा हरभरा ठेवला, तर त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. 4,300 रुपयांच्या क्विंटलवर 3,225 रुपये हाती येतात, आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे 97 रुपये होते. म्हणजे सहा महिन्यांत भाव 97 रुपये आणि वाळलेल्या वजनाची घट भरून निघेल इतका वाढला, तर धरून ठेवणे परवडले. न वाढल्यास तोटाही साधारण तेवढ्याच बेताचा, भाव आणखी पडला नाही तर. तो वाढेल की नाही याचा अंदाज बांधताना हमीभावाकडे नव्हे, तर पेंडीचा भाव, ब्राझीलचे पीक, रुपया आणि खाद्यतेलावरचे शुल्क या चार गोष्टींकडे पाहावे लागते. कापसासाठी याच जागी सरकी आणि खंडी येते. यांचे रोजचे आकडे हर्रासाच्या वेळी अडत्याच्या मोबाइलवर असतातच. ढिगाशेजारी उभे असताना ते आपल्याही मोबाइलवर असायला हवेत.